बाटली क्रमांक सात

पेटीत सात बाटल्या असत. त्यांपैकी सहा रिकाम्या जात आणि खाडीचे पाणी भरून परत येत. सातवी मात्र निघतानाच भरलेली असे. तिच्यात प्रयोगशाळेचे शुद्ध पाणी असे, तिचे झाकण वाटेत कोठेही उघडायचे नसे, आणि गेली तशीच परत येणे एवढेच तिचे काम होते. आमच्या व्यवसायात तिला ‘ब्लँक’ म्हणतात. उरलेल्या सहा बाटल्यांत जे सापडले ते खाडीतलेच आहे, पेटीतले, हातांवरचे किंवा रस्त्यावरचे नाही, याची ती साक्ष. तिच्या अहवालात शून्य आले म्हणजे बाकीच्या सहांवर विश्वास ठेवायचा. ट्रॉम्बेच्या एका रासायनिक कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी चौतीस वर्षे अशा बाटल्या पाठवल्या आणि परत घेतल्या. त्यांच्याविषयी निराळा विचार करण्याचे कारण कधी पडले नव्हते.

निवृत्त होऊन तेरा वर्षे झाल्यावर ही पेटी पुन्हा माझ्या आयुष्यात आली ती रुचिरामुळे. नाहूरच्या पूर्वेला, द्रुतगती मार्ग ओलांडून मिठागरांच्या बांधाने पुढे गेले की खाडीचा एक फाटा लागतो. तेथील पाण्याचा अभ्यास एक परदेशी विद्यापीठ करत होते आणि दर महिन्याला नमुने गोळा करण्याचे काम आसपासच्या रहिवाशांकडे दिले होते. रुचिरा त्या कामाची स्थानिक संयोजक होती. अडचण अशी होती की नमुन्यासोबतचा तक्ता इंग्रजीत भरावा लागे आणि महिन्यातून एकदा संगणकाच्या पडद्यावर दिसणाऱ्या संशोधक बाईंच्या प्रश्नांना इंग्रजीत उत्तरे द्यावी लागत. माणसे खाडीला चांगली ओळखत होती. संशोधक बाईंना मात्र ओळखत नव्हती. तेव्हा मुलुंडला आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावरच्या वाचनालयात, दर शनिवारी दुपारी तीन ते पाच, मी सहा जणांना पाण्याचे, गाळाचे आणि घाणीचे इंग्रजी शिकवू लागलो.

माझी पद्धत तंत्रनिकेतनात शिकलो तीच. प्रत्येक शब्दाचे एक पुठ्ठ्याचे कार्ड. कार्डाच्या पुढे शब्द. मागे त्याचे मराठी लिहायचे नाही. ती वस्तू कोठे दिसते आणि कशाने मोजतात ते लिहायचे. ‘टर्बिडिटी’, म्हणजे गढूळपणा, शिकवताना मी तीन काचेचे पेले मांडले: एक नळाच्या पाण्याचा, एक तांदळाच्या धुवणाचा, एक खाडीचा. पेल्यामागे वर्तमानपत्र धरले आणि कोणत्या पेल्यातून कोणत्या आकाराचे अक्षर वाचता येते ते प्रत्येकाकडून वदवून घेतले. दुसरा नियम असा, की आकड्याशिवाय वाक्य स्वीकारले जाणार नाही. ‘द वॉटर इज डर्टी’ हे वाक्य नाही, ती तक्रार आहे. किती गढूळ, किती खारट, किती वाजता, ओहोटी लागून किती मिनिटे झाली, हे सांगितले की वाक्य झाले.

धाकूने हा नियम सर्वांत आधी आत्मसात केला आणि सर्वांत जास्त बिघडवला. धाकू आमच्याच रस्त्यावरच्या एका इमारतीत पहारेकरी होता, वय अठ्ठावन्न, वडील परळच्या गिरणीत होते. पुढच्याच शनिवारी त्याने हात वर करून सांगितले, की आज घरून निघताना त्याच्या बायकोची टर्बिडिटी दोनशे होती.

“काका, गप बसा ना यार,” श्रुतिका म्हणाली. ती ब्यूटी पार्लरमध्ये काम करी आणि सर्वांत लहान असून सर्वांना दटावत असे. “वहिनी एकदा आल्या ना इथे, वाट लागेल तुमची.”

“येऊ दे. आकडा तिलाच विचारू.”

शेवंती या हसण्याखिदळण्यात फारशी नसे. ती नाहूरला राहायची, एका शाळेत शिपाई होती, मूळची कुडाळकडची. अठ्ठेचाळीसव्या वर्षी तिने पाटीवर लिहावे तितक्या सावकाश, ठळक अक्षरांत कार्डे लिहिली. तक्ता भरताना ती कधी चुकली नाही, म्हणून पेटी तिच्या ताब्यात असे. बोलताना मात्र तिचा घसा बसे. संशोधक बाईंनी काही विचारले की ती रुचिराकडे पाहायची आणि रुचिरा उत्तर द्यायची. एकदा तरी स्वतः उत्तर द्यायचे, एवढे तिने मनाशी धरले होते. हे तिने मला सांगितले नव्हते, श्रुतिकाने सांगितले.

शेवंती मला डबाही आणे. पहिल्यांदा शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या शेवया, आणि नारळाचा रस, नंतर कधी घावणे, कधी काळ्या वाटाण्याची उसळ. घरी कोणी नाही हे तिला रुचिराकडून कळले असावे. डबा स्टीलचा होता, बुडाशी तिच्या आईचे नाव घातलेले. मी तो गरम पाण्याने दोनदा धूत असे, पालथा घालून वाळवत असे, उजेडाकडे धरून डाग नाही याची खात्री करत असे, आणि पुढच्या शनिवारी परत देत असे. अशा रीतीने जानेवारीपर्यंत तो डबा पाच वेळा माझ्याकडे आला आणि पाच वेळा लखलखीत परत गेला.

घरी कोणी नव्हते ते जुलैपासून. माझी पत्नी क्षमा आमच्या मुलीकडे, गंधालीकडे, मेलबर्नला गेली होती. बाळंतपणापुरते तीन महिने म्हणून गेली. मग नात झाली, मग निहारची, म्हणजे जावयाची, नोकरी बदलली, आणि मुक्काम मार्चपर्यंत लांबला. मार्चमध्ये तिकडे राहण्याच्या परवान्याची, म्हणजे व्हिसाची, मुदत संपत होती. ती पुन्हा वाढवून घ्यायची असल्यास जानेवारीअखेर अर्ज करायला हवा होता. क्षमा दर रविवारी सकाळी साडेनऊला फोन करी. डिसेंबरपासून प्रत्येक फोनच्या शेवटी ती विचारी, “मग काय करू? तुम्ही सांगा.” आणि मी प्रत्येक वेळी सांगे, “तुझ्या सोयीने कर. इकडे सर्व ठीक आहे.”

मला ती मार्चमध्ये परत यायला हवी होती. माझ्या संपूर्ण म्हणण्यात एवढे एकच वाक्य होते आणि ते मला उच्चारता येत नव्हते. तिकडे तान्हे मूल होते, कामावर रुजू होणारी मुलगी होती, क्षमाचे तेथे रोजचे उपयोगाचे असे काम होते. माझ्याजवळ या बाजूला मांडण्यासारखे काही आहे असे मला वाटत नव्हते. प्रकृती उत्तम होती. जेवणाचा डबा एक बाई आणून दाराला अडकवत असत. वीज, पाणी, गॅस यांपैकी कशाची तक्रार नव्हती.

नाही म्हणायला एक नोंद मी ऑक्टोबरपासून ठेवत होतो. दिवसभरात दुसऱ्या जिवंत माणसाशी प्रत्यक्ष बोललेली वाक्ये मी मोजत असे आणि झोपण्यापूर्वी डायरीत आकडा लिहीत असे. सुरुवातीला व्याख्या निश्चित करावी लागली. लिफ्टमध्ये कोणी मजला विचारल्यावर ‘चौथा’ म्हटले तर ते वाक्य धरायचे का? धरले. बँकेच्या यंत्राशी फोनवर बोललेले धरले नाही. रविवारचा फोन वेगळ्या रकान्यात. शनिवार तर सरासरीतून वगळावेच लागले, कारण त्या दिवशीचा आकडा तीनशेच्या वर जाई आणि बाकीच्या दिवसांचे चित्र बिघडवी. ही नोंद कशासाठी, असे मला कोणी विचारले असते तर सांगता आले नसते. मोजण्याची सवय होती आणि दुसरे काही मोजण्यासारखे उरले नव्हते, इतकेच.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात प्रयोगशाळेकडून ऑक्टोबर, नोव्हेंबर आणि डिसेंबर अशा तीन महिन्यांचे अहवाल एकत्र आले. रुचिराने ते मला पाठवून विचारले होते, की सातव्या बाटलीत काहीतरी गडबड दिसते, तुम्ही पाहता का? मी पाहिले. सहाही बाटल्या अपेक्षेप्रमाणे होत्या. सातवीत क्लोराइड, म्हणजे मिठाचा अंश, शून्याच्या जवळपास असायला हवा होता. तो तिन्ही महिन्यांत लिटरमागे दीडशे मिलिग्रॅमच्या आसपास होता.

मी कागद घेऊन बसलो. एखादे झाकण सैल असते तर एका महिन्यात वीस, दुसऱ्यात चारशे असे काहीही आले असते. गळती इतकी शिस्तीची नसते. खाडीच्या पाण्यात साधारण पंधरा हजार, बाटली पाचशे मिलिलिटरची, त्यात दीडशे यायचे तर पाच मिलिलिटर खाडीचे पाणी पडले पाहिजे. खाडीचा खारेपणा महिन्यागणिक ज्या प्रमाणात बदलला होता त्याच प्रमाणात या आकड्यातही फरक होता, म्हणजे माप प्रत्येक वेळी तेच. मी घरातली त्याच जातीची एक बाटली काढली आणि तिचे झाकण पाण्याने भरून ड्रॉपरने मोजले. पाच मिलिलिटर. कोणीतरी दर महिन्याला बाटली क्रमांक सात उघडून तिच्यात बरोबर एक झाकण खाडी घालत होते. आणि पेटी शेवंतीच्या ताब्यात असे.

त्या शनिवारी वर्ग संपल्यावर मी तिला थांबायला सांगितले. अहवाल समोर ठेवला, आकडे समजावले, आणि या बाटलीचे झाकण कोणी उघडले होते का, असे विचारले. तिने आकड्यांकडे पाहिले. मग माझ्याकडे.

“मीच, सर.”

मी विचारले, का?

तिचे बोलणे एरवी मुंबईचे असे. अवघड झाले की ते गावाकडे वळे.

“दारात इलेल्या माणसाक आपण निदान पाणी तरी इचारतो ना, सर? ही बाटली दर खेपेक तिकडे येता. बाकीच्या सगळ्यांका भरून घेतत. हिका कोण हातसुद्धा लावणा नाय. खाडीच्या दारापर्यंत जावन तशीच परत. माका बरा वाटूक नाय. म्हणान झाकणभर घातलंय. जास्त नाय.”

मी तिला या बाटलीचे प्रयोजन वर्गात दोनदा समजावले होते. तिने ते कार्डावर व्यवस्थित लिहूनही घेतले होते. मी तिला तसे म्हणालो. तिने मान हलवली. तिला ते ठाऊक होते. तिचे म्हणणे असे पडले, की बाटलीचे काम तिला कळले होते, पण बाटलीला तसे पाठवणे तिच्याने झाले नाही. एका झाकणाने खाडीच्या एवढ्या पाण्यात काय फरक पडणार, असे तिला वाटले होते. फरक खाडीत नव्हे, बाटलीत पडतो, हे तिच्या ध्यानात आले नव्हते.

मग ती म्हणाली, “आमच्यात भांडा रिकामा परत देत नाय, सर. मूठभर साखर तरी घालतत. तुमी माझो डबो पाच वेळा रिकामो दिलास.” हे तिने तक्रारीच्या सुरात म्हटले नाही. “पयल्या वेळी वाटला, तुमका आवडला नसात. मगे समाजला. घरात सांगणारा कोण नाय.”

आमच्या घरी शेजारची भांडी येत आणि जात, हे मी चव्वेचाळीस वर्षे पाहिले होते. ती जाताना आत काय असते हे कधी पाहिले नव्हते. ते क्षमाचे खाते होते.

घरी आल्यावर मी रुचिराला पाठवायचे पत्र लिहायला घेतले. येथे मला एक गोष्ट नमूद केली पाहिजे, कारण ती न सांगितल्यास पुढचे सर्व खोटे ठरेल. नोकरीच्या चौतीस वर्षांत मी एकाही चुकीच्या कागदावर सही केली नव्हती. त्या संध्याकाळी मी लिहिले: ‘बाटली क्रमांक सातचे झाकण सदोष असल्याचे आढळले.’ तीन महिन्यांचे काम तिच्यामुळे वाया गेले हे कळले तर शेवंतीला कामावरून काढतील, गट बरखास्त होईल, आणि गट नाही तर वर्ग नाही. म्हणजे शनिवारही इतर दिवसांसारखा होईल. ज्या आकड्याला मी सरासरीतून वगळत होतो, त्याच्याच भीतीने मी खोटे लिहीत होतो.

पत्र पाठवण्यापूर्वी मी शेवंतीला फोन करून वाचून दाखवले. मला वाटले होते तिला हायसे वाटेल. तिने ते पुन्हा वाचायला लावले आणि म्हणाली, की झाकणाचा काही दोष नाही. बाईंच्या पुढच्या बोलण्याच्या वेळी ती स्वतःच सांगेल. इंग्रजीत. माझ्याकडून तिला एवढेच हवे होते की लागतील ती कार्डे मी काढून द्यावीत.

पुढचा शनिवार आम्ही त्यासाठी दिला. आकडे तिला येत होते. ‘ओपन’, ‘ॲड’, ‘कॅप’ हे शब्दही होते. बाटली उपाशी परत जाते हे तिला सांगायचे होते, पण ‘उपाशी’साठी कार्ड नव्हते आणि मी ते करूही दिले नाही; पाण्याच्या अहवालात त्याला जागा नाही असे मी सांगितले. तिने ते मान्य केले. तालीम संपल्यावर, इतर सर्व जण असताना, तिने वहीतले पहिल्या दिवशीचे पान काढून मला अगदी स्वच्छ विचारले, “सर, हाऊ आर यू?”

“आय ॲम फाइन,” मी म्हणालो.

धाकूने लगेच हात वर केला. “आकडा, सर?”

“कसला आकडा?”

“आमचं नुसतं डर्टी तुम्ही घेत नाही. तुमचं नुसतं फाइन आम्ही का घ्यायचं?”

सगळे हसले. मीही हसलो आणि वेळ संपल्याचे सांगून फळा पुसायला घेतला. दुसऱ्या दिवशी रविवारी साडेनऊला क्षमाने विचारले, की आता शेवटचे दहा-बारा दिवस राहिले आहेत, काय करू? मी म्हणालो, तुझ्या सोयीने. फोन ठेवल्यावर डायरी उघडली आणि त्या आठवड्याची सरासरी काढली. अकरा आली.

पंचवीस जानेवारीला, शनिवारी, संशोधक बाई पडद्यावर आल्या. रुचिरा नेहमीप्रमाणे पुढे बसली होती. अहवालाचा विषय निघाल्यावर शेवंतीने तिला हाताने बाजूला केले आणि खुर्ची पुढे ओढली. पहिले वाक्य दोनदा म्हणावे लागले.

“मॅडम, आय ओपन्ड द ब्लँक. थ्री टाइम्स. आय ॲडेड वन कॅप. फाइव्ह मिलिलिटर्स. नॉट द कॅप्स मिस्टेक. माय मिस्टेक.”

बाईंनी विचारले, का? हा प्रश्न तालमीत नव्हता. मी पुढे होणार होतो. शेवंतीने क्षणभर कार्डांकडे पाहिले, त्यांत काही मिळाले नाही, आणि तिने मान वर केली.

“इट वेंट. इट केम बॅक. नोबडी गेव्ह एनीथिंग. आय फेल्ट बॅड.”

बाईंनी चष्मा काढला, पुन्हा घातला, आणि म्हणाल्या की किती पाणी घातले हे निश्चित ठाऊक असल्यामुळे आकडे वाया जाणार नाहीत, तशी टीप जोडून ते ठेवता येतील. खरे सांगितल्याबद्दल त्यांनी तिचे आभार मानले. पुढच्या खेपेपासून सातव्या बाटलीला चिकटपट्टी लावावी असे त्यांनी सुचवले. बोलणे संपले तेव्हा धाकूने शेवंतीला पाण्याचा पेला आणून दिला आणि तो कोणत्या टर्बिडिटीचा आहे हे चक्क सांगितले नाही.

मी शेवंतीने दिलेला डबा घेऊन घरी परतलो. कुलूप उघडण्यापूर्वी थोडा वेळ दारात उभा राहिलो, थकलो होतो म्हणून. चार महिन्यांपूर्वी ‘टाइड’ हा शब्द ठाऊक नसलेली बाई परक्या भाषेत, परक्या माणसासमोर, मोजक्या वाक्यांत सर्व काही सांगून मोकळी झाली होती. माझ्याजवळ मातृभाषा होती, फोनवर चव्वेचाळीस वर्षे संसार केलेली पत्नी होती, आणि मी दर रविवारी शून्याचा अहवाल पाठवत होतो.

दुसऱ्या दिवशी सव्वीस जानेवारी. सोसायटीच्या आवारात आठ वाजता झेंडावंदन झाले. मी शेजाऱ्यांशी सहा वाक्ये बोललो आणि जिलेबीचा पुडा घेऊन वर आलो. साडेनऊला फोन वाजला. क्षमाने नातीला दात येत असल्याचे सांगितले, तिकडे फार ऊन पडल्याचे सांगितले आणि मग विचारले, “कसे आहात?”

डायरी मी आधीच समोर उघडून ठेवली होती.

“अकरा,” मी म्हणालो.

“काय अकरा?”

“दिवसाला मी सरासरी अकरा वाक्ये बोलतो. शनिवार सोडून. मागच्या मंगळवारी चार. त्यातली दोन लिफ्टमध्ये.”

मला भीती वाटली की फोन बंद पडला. तरी मी पुढचे वाचून दाखवले, कारण अर्धवट नोंद सांगण्याची मला सवय नाही. ऑक्टोबरमध्ये सरासरी एकोणीस होती, नोव्हेंबरात पंधरा, डिसेंबरात तेरा. नंतर मी डायरी मिटली आणि ते उरलेले एक वाक्य उच्चारले. “तू मार्चमध्ये परत यावेस असे मला वाटते.”

“अहो,” क्षमा म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. “मी परवाच अर्ज भरला. शुक्रवारी.”

मी म्हणालो, बरे केलेस.

“बरं काय केलं? तुम्ही काही बोलतच नव्हता. मला वाटलं, तुम्हाला माझ्याशिवाय जमतंय आता. मला ते लागलं होतं, खरं सांगायचं तर. म्हणून भरून टाकला.”

तिने मग सर्व परिस्थिती सांगितली. अर्ज केला म्हणजे राहायलाच हवे असे नव्हते. परंतु गंधालीने तिच्या भरवशावर मार्चपासून कामावर रुजू होण्याचे कळवून टाकले होते, आणि नातीला पाळणाघरात जागा मिळायची ती जूनच्या मध्यावर. दिलेला शब्द क्षमाला मोडता येणार नव्हता आणि मीही तो मोडायला सांगणार नव्हतो. आठ दिवस आधी बोललो असतो तर गोष्ट निराळी झाली असती. हे तिने म्हटले नाही, मीही नाही. जूनच्या मध्यापर्यंत वीस शनिवार होतात. ते मी मनात मोजले.

थोड्या वेळाने तिने विचारले, की शनिवारी वेगळे काय असते? मी वर्गाविषयी सांगू लागलो, पेल्यांविषयी, धाकूच्या बायकोविषयी, सातव्या बाटलीविषयी. यातले काहीच मी तिला सांगितले नव्हते, कारण ‘सर्व ठीक’ या सदरात ते बसत नव्हते. डब्यापर्यंत आलो तेव्हा तिने मला मध्येच थांबवले.

“रिकामा दिलात? पाच वेळा?”

“स्वच्छ धुऊन दिला.”

“अहो, काय म्हणाली असेल ती बाई.” आणि ती हसली. जुलैनंतर मी तिचे असे हसणे ऐकले नव्हते. “आत्ता आहे का घरात डबा? फोन घेऊन स्वयंपाकघरात जा बघू.”

तिने मला फडताळासमोर उभे केले. वरच्या फळीवर डावीकडून तिसरा डबा. तो चण्याच्या डाळीचा निघाला. मग चौथा, त्यात रवा होता आणि त्याला पोरकिडे झाले होते. ते ऐकून ती हळहळली आणि सबंध फळी मला उतरवायला लावली. तेराव्या झाकणाखाली खडीसाखर सापडली. ती शेवंतीच्या डब्यात ओतल्याचा आवाज तिला ऐकू गेला, तेव्हाच तिने फोन ठेवला. बोलणे एकेचाळीस मिनिटे चालले होते. स्वयंपाकघर डब्यांनी भरलेले होते आणि ते परत लावायला मला दुपार झाली. जिलेबीचा पुडा तसाच राहिला.

पुढच्या शनिवारी पेटी निघायच्या आधी शेवंतीने सातव्या बाटलीच्या झाकणाभोवती चिकटपट्टीचे दोन वेढे घेतले आणि ती पेटीत आपल्या बाजूला ठेवली. मी तिला तिचा डबा दिला. नेहमीप्रमाणे पिशवीत टाकण्यासाठी तिने तो घेतला आणि तिचा हात किंचित खाली गेला. तिने डबा कानाशी नेऊन हलवला. आतून खडखडले. तिने डबा पिशवीत सर्वांत वर, उभा ठेवला.

“सर,” धाकू म्हणाला, “किती ग्रॅम?”

मी सांगितले, की मोजले नाही. ते खरे होते.

ते सर्व जण पेटी घेऊन खाडीकडे गेले. मी वाचनालयाचे पंखे बंद केले, पेले धुतले, कार्डे क्रमाने लावली. ‘ब्लँक’चे कार्ड हाती आले तेव्हा त्याच्या मागच्या बाजूला शेवंतीच्या ठळक अक्षरात मी सांगितलेली व्याख्या होती: कोठे दिसते, कशाने मोजतात. मी ते जागेवर ठेवले आणि दिवा मालवला. वर आल्यावर भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या शनिवारावर खूण केली. एकोणीस उरले.